मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी रायफलचे काडतूस कसे निवडावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, नव्या लोकांना शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. हे सगळे परवान्याने, कायद्यात बसणाऱ्या शिकारीबद्दल आहे. जिथे शिकारीला बंदी आहे तिथे काडतूस निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. गोळी लागलेले जनावर क्षणात पडावे, दोन दिवस झुडपात तडफडत राहू नये, एवढी एकच कसोटी मी मानतो. खालची सगळी उत्तरे त्या कसोटीवर घासूनच दिली आहेत.

काडतूस आणि गोळी एकच ना?

नाही. बोलताना आपण दोन्हीला ‘गोळी’ म्हणतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी असलेली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, हे सगळे मिळून काडतूस होते. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळते, वायूचा दाब गोळीला नळीतून ढकलतो. जनावरापर्यंत जाते ती फक्त गोळी. बाकी सगळे तुमच्या हातातच राहते. म्हणून दुकानात ‘थर्टी-ऑट-सिक्सची (.३०-०६) काडतुसे द्या’ एवढे म्हणून भागत नाही. त्याच नावाच्या दोन खोक्यांतल्या गोळ्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या असू शकतात की एक सांबराएवढ्या हरणाला योग्य आणि दुसरी फक्त कागदी लक्ष्याला.

आधी काय ठरवायचे? कॅलिबर की गोळी?

आधी जनावर, मग गोळीची बांधणी, मग कॅलिबर, म्हणजे साधारण गोळीचा व्यास (.३०० सारखा आकडा इंचांत, ६.५ सारखा मिलिमीटरमध्ये). बहुतेक लोक नेमके उलटे करतात. कॅलिबरवरून तासन् तास वाद घालतात आणि गोळी मात्र जी हाताला लागेल ती घेतात.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण जॉन नॉस्लर या अमेरिकी शिकाऱ्याचे. १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूस या प्रचंड हरणाच्या शिकारीला गेले असताना त्यांच्या गोळ्या जनावराच्या अंगात खोल जाण्याआधीच फुटून गेल्या. रायफल चांगली होती, ती .३०० एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मॅग्नमसारख्या जबर, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाची होती आणि वेग भरपूर होता. तो वेगच गोळीला झेपला नाही. परत आल्यावर त्यांनी मध्ये तांब्याचा आडवा पडदा असलेली गोळी तयार केली. पडद्यापुढचा भाग फुलतो, मागचा भाग अखंड राहून आत शिरत जातो. ‘पार्टिशन’ नावाची ही गोळी १९४८ पासून विकली जाऊ लागली आणि आजही खपते. कॅलिबर न बदलता फक्त गोळी बदलून प्रश्न सुटला, हे यातले लक्षात ठेवण्यासारखे.

गोळीने जनावराच्या अंगात नेमके काय करायला हवे?

दोन कामे, आणि ती एकमेकांच्या विरोधात जातात. पहिले, फुलणे: टोक उमलून गोळीचा व्यास दीडपट-दुप्पट झाला की जखमेची वाट रुंद होते आणि रक्तस्राव झपाट्याने होतो. दुसरे, खोल जाणे: कातडी, बरगडी, कधी फऱ्याचे हाड ओलांडून गोळी दोन्ही फुफ्फुसांपर्यंत किंवा हृदयापर्यंत पोचली पाहिजे. जितकी जास्त फुलेल तितकी ती लवकर थांबते. लहान हरणाची छाती वीत-दीड वीत रुंद, तिथे झटकन फुलणारी गोळी उत्तम. पाचशे किलोच्या मूसला हीच गोळी मारली तर ती फऱ्यातच विरून जाईल. म्हणून जनावर जसजसे मोठे, तसतसे फुलण्यापेक्षा खोल जाण्याला माप झुकते द्यावे.

गोळी आरपार जावी की आतच राहावी, यावर जुने शिकारी अजून भांडतात. मी आरपारच्या बाजूचा आहे. दोन भोके पडली की रक्ताचा माग ठळक पडतो, आणि जनावर शंभर पावले पळाले तरी सापडते. मात्र त्यामुळेच मागे दुसरे जनावर उभे नाही ना, हे चाप ओढण्याआधी बघावे लागते.

बाजारात गोळ्यांचे प्रकार किती? मला कोणता लागेल?

नावे शेकड्यांनी आहेत, बांधणी मोजकीच.

सगळ्यात जुनी आणि साधी म्हणजे तांब्याच्या आवरणात शिशाचा गाभा, टोकाला शिसे उघडे. हिला सॉफ्ट पॉइंट म्हणतात. मध्यम वेगाला, मध्यम जनावराला ही आजही बिनतक्रार काम करते. पण आवरण आणि गाभा एकमेकांना चिकटवलेले नसतात. खूप जवळून, खूप वेगात हाडावर बसली तर दोन्ही सुटे होतात आणि गोळीचे निम्मे वजन वाटेतच सांडते.

बाँडेड गोळीत गाभा आवरणाला जोडून टाकलेला असतो. ती फुलते, पण तुटत नाही. एल्क (उत्तर अमेरिकेतले मोठे हरीण), मूस, मोठा रानडुक्कर अशा जनावरांसाठी कुणी मला एकच प्रकार सांगायला लावला तर मी हाच सांगेन. पार्टिशन याच कामाची, फक्त वाट वेगळी.

तिसरी, अख्खी तांब्याची. शिसे अजिबात नाही. टोकाला पोकळी असते, ती उघडून चार-सहा पाकळ्या होतात आणि गोळी जवळपास पूर्ण वजनानिशी आरपार जाते. बार्न्स या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने १९८९ साली ‘एक्स’ गोळी आणली आणि हा प्रकार रूढ झाला. हिच्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

प्लास्टिकच्या टोकाची गोळी हा खरे तर वेगळा प्रकार नाही. टोक हवा कापायला आणि फुलण्याची सुरुवात करून द्यायला असते. त्या टोकामागे साधी गोळी आहे, बाँडेड आहे की तांब्याची, ते खोक्यावर वाचा. लाल किंवा निळे टोक बघून भुलू नका. रेंजसाठी आणि लहान प्राण्यांसाठी बनवलेल्या पातळ आवरणाच्या गोळ्यांनाही असेच टोक असते.

शेवटची, सॉलिड. ही फुलतच नाही, सरळ रेषेत खोल जाते. हत्तीच्या कवटीतल्या हाडांच्या जाळीतून मेंदूपर्यंत पोचायला हीच लागते. आफ्रिकी रानरेड्याला बरेच शिकारी पहिली गोळी फुलणारी आणि पाठोपाठच्या सॉलिड अशा भरतात. पहिल्या गोळीच्या वेळी मागे कळप असतो, म्हणून ती आतच थांबलेली बरी. नंतर पळणाऱ्या रेड्याला पाठमोरी मारावी लागते, तेव्हा खोली लागते.

लष्करी काडतुसे सरावाला घेतली आहेत. तीच शिकारीला चालतील का?

नाही, आणि यात मधला मार्ग नाही. लष्करी गोळीला पूर्ण आवरण असते, ती फुलत नाही. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आणली. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तयार झालेल्या गोळ्यांमुळे तो वाद पेटला होता, म्हणून ‘दमदम गोळी’ हा शब्द आपल्याकडे रुळला. शिकारीत गरज नेमकी उलटी आहे. न फुलणारी गोळी फुफ्फुसांतून बारीक भोक पाडून निघून जाते, जनावर कित्येक किलोमीटर जाते आणि कुणाला न सापडता मरते. अनेक ठिकाणी मोठ्या जनावरांसाठी असली गोळी कायद्यानेच बंद आहे. तुम्ही म्हणाल, सॉलिडही फुलत नाही. पण ती हत्ती-रानरेड्यासाठी जाड धातूने, सरळ जाण्यासाठी मुद्दाम घडवलेली असते. लष्करी गोळी पुष्कळदा आत गेल्यावर कोलांटी खाते आणि कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

खोक्यावर १५० ग्रेन, १८० ग्रेन लिहिलेले असते ते काय?

ते गोळीचे वजन, दारूचे नव्हे. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. १५० ग्रेन म्हणजे ९.७ ग्रॅम, १८० ग्रेन म्हणजे ११.७ ग्रॅम.

एकाच व्यासाची गोळी जड केली की ती लांब होते, आणि लांब गोळी खोल जाते. वजन आणि व्यासाच्या वर्गाचे हे गुणोत्तर सेक्शनल डेन्सिटी म्हणून सांगतात. .३०८ व्यासाच्या १५० ग्रेनला ते ०.२२६ येते, १८० ग्रेनला ०.२७१. ६.५ मिलिमीटरच्या १४० ग्रेन गोळीला ०.२८७. म्हणून स्वीडनमध्ये ६.५×५५ (६.५ मिलिमीटरची गोळी, ५५ मिलिमीटरची पुंगळी) सारख्या दिसायला किरकोळ काडतुसाने पिढ्यान्‌पिढ्या मूस मारले गेले. लांबट, जड गोळी बेताच्या वेगाने जाते आणि शांतपणे आरपार होते. .३७५ च्या ३०० ग्रेनला हे गुणोत्तर ०.३०५ आहे.

पण हा आकडा गोळी फुलण्याआधीचा आहे. फुलल्यावर काय होईल ते बांधणी ठरवते. १५० ग्रेनची तांब्याची गोळी १८० ग्रेनच्या साध्या सॉफ्ट पॉइंटपेक्षा खोल जाऊ शकते.

कोणत्या जनावराला कोणते काडतूस?

साठ ते दीडशे किलोच्या हरणांना ६.५ क्रीडमूर, .२७०, ७×५७, .३०८ यांपैकी काहीही पुरते. त्यांच्यात निवड करण्यात दिवस घालवू नका. सांबर, एल्क, मूस, मोठा रानडुक्कर यांच्यासाठी .३०८ किंवा .३०-०६ मध्ये १६५ ते १८० ग्रेनची दणकट गोळी, ७ मिलिमीटर मॅग्नम, .३०० मॅग्नम, किंवा १९०५ पासून चालत आलेले ९.३×६२. मोठ्या अस्वलांच्या मुलखात .३३८ किंवा .३७५ जवळ असलेले बरे.

हत्ती, रानरेडा अशा उलटून येणाऱ्या जनावरांचा हिशेबच वेगळा. तिथे .३७५ एच अँड एच ही खालची पायरी समजतात, आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत कायद्यानेही तीच किमान मर्यादा आहे. हे काडतूस १९१२ चे. .४१६ रिग्बी १९११ चे. शंभर वर्षांत त्यांची जागा कुणी हिरावून घेतलेली नाही, कारण रानरेडा तोच आहे.

पण बेल या शिकाऱ्याने तर ७ मिलिमीटरने हत्ती मारले होते. मग .३७५ ची सक्ती कशाला?

हा प्रश्न हमखास येतो. कारामोजो बेल या आफ्रिकेतल्या जुन्या हत्ती-शिकाऱ्याने .२७५ रिग्बीने, म्हणजे ७×५७ नेच, शेकडो हत्ती मारले हे खरे आहे. जिम कॉर्बेट यांच्याकडेही .२७५ रिग्बी होती. पण बेल सॉलिड गोळ्या वापरत. हत्तीच्या कवटीचा अभ्यास त्यांनी हाडे कापून केला होता आणि बहुतेक नेम मेंदूवर असत. मोठे काडतूस बेलसाठी नाही, तुमच्या-माझ्यासाठी आहे: धाप लागलेली असताना, हात थरथरत असताना, गोळी चार बोटे इकडेतिकडे गेली तर थोडीफार सवलत मिळावी म्हणून. पुरी चुकलेली गोळी मात्र कुठलेच कॅलिबर सावरत नाही.

मग सरळ मॅग्नमच का घेऊ नये?

धक्क्यामुळे. सारख्या वजनाच्या रायफलींत .३७५ एच अँड एचचा धक्का .३०-०६ च्या जवळपास दुप्पट बसतो. .३०० मॅग्नम या दोघांच्या मधोमध. धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढण्याआधी डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो. मी हे रेंजवर सतत बघतो. रिकामे काडतूस गुपचूप भरून दिले की माणसाला स्वतःलाच दिसते: ‘ठो’ न होताच नळी खाली झुकते. अशा माणसाला .३०८ दिली तर महिन्याभरात त्याच्या गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसू लागतात. जे काडतूस तुम्ही वीस वेळा शांतपणे झाडू शकता, ते तुमचे. बाकी सगळे दुसऱ्याचे.

ऊर्जेचे आकडे किती मनावर घ्यायचे?

कायद्यापुरते पूर्ण, बाकी बेताने. जर्मनीत रो या लहान हरणासाठी १०० मीटरवर किमान १००० जूल लागतात. त्याहून मोठ्या खुरी जनावरांना किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर आणि १०० मीटरवर २००० जूल. जिथे जाणार तिथला नियम असा आकड्यांत असतो, तो आधी वाचा.

नळीच्या तोंडाशी .३०८ ची १५० ग्रेन गोळी सुमारे ३६०० जूल घेऊन निघते, .३०-०६ ची १८० ग्रेन सुमारे ३९०० आणि .३७५ ची ३०० ग्रेन सुमारे ५८००. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे हलक्या, वेगवान गोळ्या कागदावर फार ताकदवान दिसतात. जनावराला जूल मारत नाहीत. हृदय-फुफ्फुसांतून गेलेली रुंद, खोल वाट मारते. शिवाय खोक्यावरचा वेग बहुतेक वेळा २४ इंची नळीतून मोजलेला असतो. तुमची नळी २० इंची असेल तर दर इंचाला साधारण ६ ते ९ मीटर प्रति सेकंद वजा करा.

किती अंतरापर्यंत मारावे?

गोळी जिथवर फुलते आणि तुमचा नेम जिथवर धरतो, यांपैकी जे अंतर कमी असेल तिथवर. बहुतेकांच्या बाबतीत नेम आधी हार मानतो.

.३०-०६ ची १८० ग्रेन गोळी सुमारे ८२० मीटर प्रति सेकंदाने निघते. ३०० मीटरवर तिचा वेग ६४०-६५० च्या आसपास उरतो. साध्या सॉफ्ट पॉइंटला फुलायला साधारण ५५० लागतात, तांब्याच्या पुष्कळ गोळ्यांना ६०० च्या आसपास. नेमका आकडा गोळी बनवणारा देतो, तो शोधून काढा. २०० मीटरवर नेम बसवलेली हीच गोळी ३०० मीटरवर सुमारे पाव मीटर खाली लागते आणि मध्यम आडव्या वाऱ्यात जवळपास वीतभर बाजूला सरकते. फुफ्फुसाऐवजी पोटात जायला एवढी चूक पुरेशी आहे. बूड टेकून, काठीच्या आधाराने, जंगलात बसतो तसे बसून तुम्ही दहापैकी दहा गोळ्या ज्या अंतरावर ताटलीएवढ्या गोलात घालता, ते तुमचे अंतर. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून मारलेल्या गोळ्या यात धरू नका.

शिसे सोडून तांब्याच्या गोळ्या घ्याव्यात का?

मी घेतल्या आहेत आणि परत गेलेलो नाही. शिशाची गोळी फुलताना तिचे बारीक कण मांसात पसरतात. एक्स-रे काढला तर जखमेपासून बऱ्याच लांबपर्यंत ते ठिपके दिसतात, हाताला लागत नाहीत. जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकले तरी सगळे निघेलच असे नाही, आणि शिसे लहान मुलांना व गरोदर बाईला सगळ्यात घातक. जंगलात टाकलेली आतडी गिधाडे खातात. कॅलिफोर्नियातल्या काँडॉर गिधाडांना शिशाची विषबाधा होत राहिली. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे.

तांब्याच्या गोळीचे वागणे मात्र समजून घ्या. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि संथ पिळाच्या नळीत (जिच्या आतल्या खाचा गोळीला कमी फिरवतात) ती नीट स्थिर होत नाही. १८० ग्रेन शिसे वापरत असाल तर १५० किंवा १६५ ग्रेन तांबे घ्या. वेगही वाढतो, आणि या गोळ्यांना वेग आवडतो. वेग कमी पडला तर पाकळ्या उघडत नाहीत आणि ती लष्करी गोळीसारखी वागते. बदल करण्याआधी नळीत आधीच्या गोळ्यांनी सोडलेला थर नीट साफ करा, नाहीतर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या कुठेही जातील आणि दोष गोळीला लागेल.

माझ्या रायफलीला कोणते काडतूस मानवेल, हे कसे कळणार?

झाडून बघूनच. एकाच कारखान्याच्या दोन जुळ्या रायफलींच्या आवडी वेगळ्या निघतात. तीन-चार वेगळी खोकी घ्या, प्रत्येकाचे तीन-तीन गोळ्यांचे दोन-तीन गट मारा, मध्ये नळी थंड होऊ द्या. १०० मीटरवर चार-पाच सेंटिमीटरचा गट मोठ्या जनावराला भरपूर झाला. त्याहून बारीक गटाच्या नादात कमकुवत बांधणीची गोळी निवडू नका. निवड झाली की त्याच लॉट नंबरची (एकाच वेळी बनलेली) पुरेशी काडतुसे एकदम घ्या आणि नेम त्यांच्यावरच बसवा. थंड नळीतून गेलेली पहिली गोळी कुठे लागते हे वहीत लिहून ठेवा, कारण जंगलात तीच एक मिळते.

मिळतीजुळती दिसणारी काडतुसे चालतात का?

कधीही नाही. नळीवर कोरलेले नाव आणि पुंगळीच्या बुडावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या रायफलीत शिरू शकते. चाप ओढला तर रायफल फुटते, आणि असे अपघात झालेले आहेत. टेबलावर एका वेळी एकाच प्रकारचे खोके उघडावे.

लिव्हरच्या रायफलीत टोकदार गोळी भरली तर?

लिव्हरच्या, म्हणजे चापाजवळची दांडी ओढून भरायच्या, रायफलीत बहुधा नळकांड्याचे मॅगझिन असते आणि त्यात काडतुसे एकापाठोपाठ एका ओळीत राहतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्याच्या टोपीवर टेकते आणि धक्क्याने आतच स्फोट होऊ शकतो. चपट्या टोकाची किंवा खास त्यासाठी केलेल्या मऊ टोकाचीच गोळी वापरा.

चाप ओढला आणि काहीच झाले नाही. आता?

नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून ठेवा आणि निदान तीस सेकंद थांबा. दारू उशिरा पेटू शकते. मग बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) उघडून काडतूस काढा आणि वेगळे ठेवा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का हलका वाटला, तर दुसरी गोळी मुळीच झाडू नका. पहिली नळीत अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करून मागून नळीत प्रकाश दिसतो का ते पाहा.

काडतुसे किती वर्षे टिकतात?

कोरडी, थंड, उन्हापासून लांब ठेवली तर दशकानुदशके. हिरवा गंज चढलेली, चेपलेली, मानेशी चीर गेलेली बाजूला काढा. तेलाने पुसू नका, तेल टोपीत झिरपते.

जनावरातून निघालेल्या गोळीचे काय करायचे?

जपून ठेवा. धुऊन तिचे वजन करा आणि खोक्यावरच्या वजनाशी ताडून बघा. किती अंतरावरून मारली, कुठे लागली, कोणते हाड वाटेत होते, जनावर किती पावले गेले, हे सगळे त्याच वहीत लिहा. बाँडेड गोळीचे निम्म्याहून जास्त वजन गेले असेल किंवा तांब्याच्या गोळीच्या पाकळ्या उघडल्याच नसतील, तर पुढच्या मोसमाआधी गोळी बदला. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा सव्वीस गोळ्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत. कुणी काडतुसाबद्दल विचारायला आले की जाहिरातीच्या आधी मी त्या समोर मांडतो.